शून्याच्या आसपास

दरवर्षी गणपती उठले की ओळखीपाळखीच्या घरांतून मला फोन यायला लागतात. दिवाळीच्या सुट्टीत कुणाचा मुलगा हर-की-दूनला निघालेला असतो, कुणाची भाची संदकफूला, तर कुणी ऐन पन्नाशीत अन्नपूर्णेची प्रदक्षिणा करायचं मनावर घेतलेलं असतं. मी काही गिर्यारोहक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि डोंगरातल्या थंडीबद्दल जे थोडंफार कळतं ते पंचवीसेक वर्षं वाचून, विचारून आणि एकदा स्वतः घोडचूक करून कळलेलं आहे. तरी फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "तिथे उणे किती असतं हो?"

उणे दहा म्हटलं की समोरच्याला एकाच वेळी भीती आणि आनंद होतो. मग उणे दहाची झोपायची पिशवी, उणे दहाचं जाकीट अशी खरेदी सुरू होते. त्यांना हे पटवणं मला आजवर नीटसं जमलेलं नाही, की आश्विन-कार्तिकातल्या हिमालयात पायवाटेवरच्या माणसाला खरी भीती उण्या आकड्यांची नसते. ती असते अधिक पाच ते उणे दोन या अरुंद पट्ट्यात. तिथे पाऊस पडू शकतो, बर्फ पडू शकतो, पडलेला बर्फ वितळू शकतो आणि वितळलेला पुन्हा गोठू शकतो. हे सगळं एकाच दिवसात, एकाच वाटेवर होतं. या लेखात मला त्या पट्ट्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी घोडचूक सांगून टाकतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची दिवाळी. आम्ही दोघं मित्र हर-की-दूनला निघालो होतो. तो भाग तेव्हा अजून उत्तर प्रदेशातच होता. मित्राचं नाव इथे घालत नाही, कारण तो हा अंक विकत घेतो. तालुका नावाच्या वस्तीतून ओसला गावाकडे सुपिन नदीच्या काठाकाठानं चौदाएक किलोमीटरची वाट आहे. कठीण म्हणावी अशी जागा तीत एकही नाही. सकाळी निघालो तेव्हा भुरभुर पाऊस होता. आमच्या अंगावर जीन्स, सुती बनियन, सुती शर्ट, घरी विणलेला स्वेटर आणि वर बाजारातली पातळ विंडचीटर. माझ्या सॅकला एक छोटा तापमापक लटकवलेला होता, त्याचं मला फार कौतुक. तो निघताना सहा दाखवत होता. गंगाडला जेवलो तेव्हा चार. तिथून पुढे पावसात बर्फ मिसळायला लागला. या भेसळीला मराठीत शब्द नाही, कारण आपल्यावर ती कधी पडत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला थेंब गेले आणि मोठाले, जड, अंगावर पडताक्षणी वितळणारे कण सुरू झाले.

मित्र मागे पडायला लागला. हातातली बाटली दोनदा पडली. काही विचारलं तर तुटक उत्तर देई, एकदा भलतंच दिलं. सकाळी आमचं पैशांवरून थोडं वाजलं होतं, म्हणून मला वाटलं तो रुसलाय. शेवटी तो एका दगडावर टेकला आणि म्हणाला, तू हो पुढे. मी म्हणालो, बस थोडा वेळ, मग ये. आणि मी पुढे गेलो.

आमचं सामान घेतलेला ओसल्याचा माणूस पुढच्या वळणावर थांबला होता. त्यानं मला एकट्याला पाहिलं, दुसरा कुठे आहे ते विचारलं, माझं उत्तर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ओझं खाली टाकून तो मागे पळाला. आम्ही पोचलो तेव्हा मित्र त्याच दगडाला टेकून होता. एक हातमोजा काढलेला, विंडचीटरची चेन पोटापर्यंत उघडी. तो कुडकुडत नव्हता. मला हे चांगलं लक्षण वाटलं. त्या माणसाला वाटलं नाही. जवळच गुरांची एक छानी होती, म्हणजे दगड-लाकडाचं खोपटं. तिथे नेऊन त्यानं मित्राचे सगळे ओले कपडे उतरवले, स्वतःचा जाड लोकरी कोट त्याला घातला, आमच्या दोन्ही झोपायच्या पिशव्या त्याच्यावर टाकल्या आणि स्वतः त्याला बिलगून आत आडवा झाला. मी पाय चोळायला लागलो तर माझ्या हातावर चापट मारली. बऱ्याच वेळानं मित्र कुडकुडायला लागला, इतका की खोपट्यातलं गवत हलत होतं. तेव्हा कुठे त्या माणसानं मला साखरेचं गरम पाणी करायला सांगितलं आणि मित्राला स्वतःच्या हातानं पेला धरता आल्यावरच ते पिऊ दिलं.

तापमापक दोन अंश दाखवत होता. शून्याच्या वर दोन. आपल्या घरच्या फ्रिजमध्ये दूध ठेवतो तेवढी थंडी. एवढ्याशा थंडीत तिशीतला धडधाकट माणूस चालता चालता मरायला टेकतो कसा, हा प्रश्न घेऊन मी पुण्याला परतलो.

उत्तराचा मोठा भाग मला काही वर्षांनी एका ग्रंथालयात, झेरॉक्सच्या पुसट प्रतीत सापडला. ग्रिफिथ प्यू हे नाव आपल्याकडे फारसं माहीत नाही. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेलेले हे शरीरक्रियातज्ज्ञ. तेनसिंग-हिलरींच्या यशात किती प्राणवायू लागेल, किती पाणी प्यायला हवं, कपडे-बूट कसे असावेत हे आधीच मोजून ठेवणाऱ्या या माणसाचा वाटा मोठा आहे. पण मला पाहिजे होतं ते प्यूंचं काम एव्हरेस्टवरचं नव्हे. ते इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या माळरानावरचं आहे आणि त्या माळाची उंची आपल्या लोणावळ्याइतकीच, सहाशे मीटरच्या आसपास.

मार्च १९६४ मध्ये तिथे तरुण स्काउटांची पंचेचाळीस मैल चालण्याची वार्षिक स्पर्धा होती. तिघातिघांचे संघ, एकूण २४० जण. दिवस पावसाचा, वाऱ्याचा, तापमान शून्याच्या थोडंसं वर. २४० पैकी केवळ २२ जणांनी वाट पुरी केली. तिघं तरुण दगावले. कुणी कड्यावरून पडलं नव्हतं, हिमस्खलनात सापडलं नव्हतं. अंगावर कपडेही होते. प्यूंनी त्या दुर्घटनेचा बारकाईनं अभ्यास केला, मृतांच्या कपड्यांसारखे कपडे मिळवले आणि थंड हवेच्या खोलीत धडधाकट माणसांना ते घालून, पाण्यानं भिजवून, पंख्याच्या वाऱ्यात व्यायामाच्या सायकलवर बसवलं. हे निष्कर्ष पुढे १९६७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले.

त्यांतून दोन गोष्टी निघाल्या. भिजलेल्या कपड्यांची ऊब, वारा असताना, कोरड्या कपड्यांच्या तुलनेत नावापुरतीच उरते. हे ऐकून कुणी चकित होणार नाही. दुसरी गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. ओल्या कपड्यांतसुद्धा माणूस जोरानं पायडल मारत होता तोवर त्याच्या शरीराचं तापमान टिकत होतं. वेग कमी झाला की ते घसरायला लागे. म्हणजे ओल्या थंडीत चालणं हीच शेकोटी. आपलं शरीर स्वस्थ बसलं असता साधारण ऐंशी ते शंभर वॅट उष्णता तयार करतं, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. ओझं घेऊन चढ चढताना तीच पाचशे-सहाशे वॅटपर्यंत जाते. भिजलेला माणूस या मोठ्या आचेच्या भरवशावर चालत राहतो आणि त्याला वाटतं, आपलं बरं चाललंय. मग थकवा येतो, दुपारचं जेवण पोटात संपलेलं असतं, पाय जड होतात, वेग निम्म्यावर येतो. आच कमी होते, गळती तेवढीच राहते. थंडीमुळे स्नायू आणखी आखडतात, त्यामुळे वेग आणखी कमी. दोन अंशांचं कोडं इथे सुटलं. गंगाडपर्यंत आम्ही भरभर चाललो होतो म्हणून वाचत होतो. त्यानंतर मित्र दमला. आणि मी त्याला बसायला सांगितलं.

ओलेपणा नेमकं काय करतो हेही पाहायला हवं. कपडा स्वतः ऊब देत नाही, त्याच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा देते. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की उष्णता बाहेर जायला हमरस्ता मिळतो, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट सहजतेनं उष्णता वाहून नेतं. शिवाय ते पाणी वाऱ्यानं वाळत राहतं आणि वाळायला लागणारी उष्णता अंगातूनच घेतं. अंगावर एक लिटर पाणी वाळायचं तर जवळपास ५८० किलोकॅलरी खर्ची पडतात. चार भाकऱ्या गेल्या म्हणायच्या. पूर्ण भिजलेली जीन्स आणि सुती शर्ट मिळून लिटरभर पाणी सहज धरून ठेवतात.

उणे पंधराला हे काहीच होत नाही. तिथला बर्फ कोरडा, पिठासारखा असतो, खांद्यावरून झटकला की गेला. त्या थंडीत बोटं, नाक, कान जपावे लागतात, हिमदाहाची धास्ती असते, पण कपडे कोरडे राहतात. शून्याजवळचा बर्फ अंगावर पडतो तो जवळजवळ पाणी होऊनच. त्यात हिमालयाची रचना अशी की दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. खाली गावात पाऊस, वर खिंडीत बर्फ. माणूस चालतो खालून वर. तो पावसात भिजून बर्फात पोचतो. शरद ऋतूच्या शेवटी झालेल्या कितीतरी अपघातांचं सार या एका वाक्यात मावतं.

आपल्याकडे याची जाण नव्हती असं मात्र नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलैत मेंढरांमागे फिरणारा धनगर डोक्यावर घोंगडीची खोळ घेतो. त्या वाऱ्यापावसात सुती उपरण्यानं त्याचं काय झालं असतं याचा विचार मी आधी कधी केला नव्हता. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा बाष्प पोटात घेतो, तरी बाहेरून लागतो कोरडाच, आणि ते बाष्प घेताना थोडी उष्णता सोडतो. भिजला तरी त्याचा कुरळेपणा पुरता जात नाही, म्हणून हवेचे कप्पे काही प्रमाणात शाबूत राहतात. सणगर मंडळी घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. त्यानं ती ताठ होते, अंगाला चिकटून बसत नाही, आणि मधली हवा टिकते. नेपाळातल्या मेंढपाळांची पाखी याच जातकुळीतली. घोंगडी भिजली की तिचं वजन असह्य होतं हे मान्यच आहे, आणि हिमालयात ती न्या असं मी म्हणत नाही. आजचं पॉलिस्टरचं फ्लीस पाणी धरतच नाही, पिळलं की पुन्हा घालता येतं आणि फुलासारखं हलकं असतं. पण उणे दहाच्या नावानं जे महागडं पिसांचं जाकीट घेतलं जातं, ते भिजल्यावर त्यातल्या पिसांचा लगदा होतो. कोरड्या कडाक्यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. शून्याच्या पट्ट्यात ते पोटाशी प्लास्टिकमध्ये बांधून न्यायची वस्तू आहे.

आता हवेकडे वळू. दिवाळीला हिमालयात आकाश निरभ्र असतं हा समज खराच आहे, म्हणून तर सगळे तेव्हा जातात. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस पश्चिम हिमालयातून माघार घेतो, हवा धुतल्यासारखी होते, शिखरं शंभर किलोमीटरवरून दिसतात. पण या स्वच्छ खिडकीला दोन दारं आहेत. पश्चिमेकडून भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे पश्चिमी झंझावात ऑक्टोबरपासून वाढायला लागतात. आणि नेमक्या याच महिन्यांत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा हंगाम असतो. वादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आपटून विरतं, त्याच्या बातम्याही तिथेच संपतात. त्याचं बाष्प मात्र उत्तरेकडे सरकत राहतं. वर एखादा पश्चिमी झंझावात आधीच आलेला असला तर हे बाष्प तो उचलून थेट डोंगरांवर नेतो.

१२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. हे नाव ओमाननं सुचवलेलं, अरबीत हुदहुद म्हणजे डोक्यावर तुरा असलेला तो पक्षी. मराठी कानाला मात्र त्यात हुडहुडीच ऐकू येते, आणि पुढे झालंही तसंच. वादळाचा अंदाज भारतीय हवामान खात्यानं चोख दिला होता, किनाऱ्यावरच्या लाखो लोकांना हलवता आलं. तिथून सुमारे बाराशे किलोमीटर उत्तरेला, नेपाळात, थोरोंग ला ही ५,४१६ मीटर उंचीची खिंड आहे. अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणेतली ही सर्वांत उंच जागा. पलीकडे उतरलं की मुक्तिनाथ, जिथे आपल्याकडचे यात्रेकरू एकशे आठ धारांखाली नहायला जातात. १४ ऑक्टोबरच्या पहाटे खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामांवरून शेकडो लोक नेहमीप्रमाणे अंधारातच निघाले. बाराशे किलोमीटरवरच्या वादळाशी आपला काही संबंध आहे, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. बर्फ इतका पडला की वाट, दरी, खांब सगळं एकसारखं पांढरं झालं. त्या आणि आसपासच्या भागांतल्या हिमवादळात, हिमस्खलनांत मिळून किमान ४३ माणसं गेली. त्यांत परदेशी होते, भारतीय होते आणि रोजीरोटीसाठी ओझी वाहणारे, वाट दाखवणारे नेपाळी पुष्कळ होते. पाचशेहून अधिक लोकांना सोडवून आणलं. लक्ष्मीपूजनाला नऊ दिवस उरले होते.

मला त्या घटनेतलं एक खोपटं विसरता येत नाही. खिंडीच्या माथ्यावर चहाची एक लहानशी जागा आहे. वादळात तिथे माणसं दाटीवाटीनं घुसली. रात्र इथे काढली तर गोठून मरू या भीतीनं काही जण संध्याकाळच्या आत मुक्तिनाथकडे उतरायला निघाले. बाहेर पडलेल्यांतले अनेकजण परतले नाहीत, आणि आत एकमेकांना चिकटून बसून राहिलेले वाचले. घरी बसून हे वाचताना शहाणपण सुचणं सोपं आहे. पण चालणं ही शेकोटी खरी असली तरी ती किती वेळ पुरेल याचा हिशेब असतो. समोर सोळाशे मीटरचा उतार, कमरेएवढा बर्फ, दिसत काही नाही, आणि पोटात सकाळपासून फक्त चहा. अशा वेळी सरपण आधीच संपलेलं असतं.

त्याआधी नोव्हेंबर १९९५ मध्ये असंच उपसागरातलं वादळ नेपाळवर बर्फ ओतून गेलं आणि गोक्योच्या खोऱ्यात पांगका इथे हिमस्खलनात १३ जपानी पदयात्री आणि त्यांचे नेपाळी सोबती गाडले गेले. नंतरचं उदाहरण अधिक जवळचं. ऑक्टोबर २०२१, आपल्याकडे कोजागिरीचं दूध आटवलं जात होतं तेव्हा उत्तराखंडात मुक्तेश्वरला चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथे १८९७ पासून नोंदी आहेत, त्यांतला हा उच्चांक. खाली पाऊस म्हणजे वर बर्फ, हे आता सांगायला नको. हरसिलहून लमखागा खिंड ओलांडून किन्नौरात छितकुलला निघालेला पदयात्रींचा गट त्यात सापडला, आणि पश्चिम बंगालमधली अनेक तरुण मुलं त्यात गेली. सुंदरढुंगाच्या खोऱ्यातही माणसं गेली.

आणि उंची हा यातला मुख्य मुद्दा नाही हे दाखवणारी एक गोष्ट स्कॉटलंडची. नोव्हेंबर १९७१ मध्ये केर्नगॉर्मच्या पठारावर एडिंबरोच्या शाळेतली पाच मुलं आणि त्यांच्याबरोबरची अठरा वर्षांची शिकाऊ मार्गदर्शक अशी सहा जणं हिमवादळात दोन रात्री उघड्यावर राहून गेली. ते पठार अकराशे-बाराशे मीटरवर आहे. आपलं कळसूबाई त्याहून उंच.

पावलाखालच्या जमिनीबद्दल मी अजून काही बोललेलो नाही, आणि तिचाही या सगळ्यात वाटा आहे. ओसल्याच्या वाटेवर निघायच्या आदल्या दिवशी, हवा स्वच्छ असताना, सांकरीहून आम्ही तालुक्याला चाललो होतो. सकाळी आमच्या सोबत्यानं मागे वळून बजावलं, "साहब, आगे पाला है." मी खाली बघितलं. वाटेवर अक्रोडाचा पिवळा पाला पडलेलाच होता, त्यात सांगण्यासारखं काय, म्हणून मी त्यावर बेधडक पाय ठेवला आणि दोन्ही पाय आकाशाकडे करून आपटलो. डोंगरातल्या हिंदीत पाला म्हणजे दहिवर गोठून बसलेला थर. मराठी पाल्यावर हिंदी पाला बसला होता. नोव्हेंबरात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन जेमतेम पोचतं. दुपारी जे थोडं वितळतं ते रात्री काचेसारखं गोठतं आणि सकाळी त्याच्यावर पाण्याचा पातळ थर येतो. बुटाला सर्वांत निसरडा वाटतो तो हाच बर्फ. ओला बर्फ तळव्याला गोळे होऊन चिकटतो, तेव्हा आपण जणू खडावा घालून चालत असतो. लाकडी साकव सर्वांत वाईट. कुलूकडचे लोक भांगेच्या धाग्यांचे, गवताचे पूला नावाचे जोडे वापरत. बर्फावर त्यांची पकड रबरी तळव्याला लाजवणारी असते. आता बाजारात बुटावर चढवायच्या साखळ्या-खिळ्यांची जाळी मिळते, ती पाव किलोच्या आसपास ओझ्यात देते त्याच्या कितीतरी पट.

निसरड्या वाटेचा आणि ओल्या थंडीचा संबंध वेळेचा आहे. जपून चालणारा माणूस हळू चालतो, आणि हळू चालणाऱ्याची आच मंद असते. मऊ बर्फात घोट्यापर्यंत पाय जात असले की तेच अंतर तोडायला शक्ती मात्र कितीतरी जास्त लागते. त्यात दिवस लहान. गढवालच्या खोऱ्यांत नोव्हेंबरमध्ये साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, आणि प्रत्यक्ष ऊन डोंगराआड तीन वाजताच गेलेलं असतं. मे महिन्यातल्या पुस्तकी वेळापत्रकानं ही वाट चालू नये.

लक्षणांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझी चूक तिथलीच होती. गाभ्याचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आपल्याकडे शिरशिरी, काकडणं, हीव भरणं, गारठून जाणं असे शब्दांचे चढते थर आहेत, पण ते सगळे थंडी वाजण्याचे. थंडी वाजायची थांबते त्या अवस्थेला शब्द नाही. सुरुवातीला माणूस जोरात कुडकुडतो, बोटांना बटणं लागत नाहीत, वस्तू पडतात, जीभ जड होते, पाय अडखळतो. त्याचबरोबर स्वभाव बदलतो: चिडतो, गप्प होतो, हट्टाला पेटतो, मदत झिडकारतो. ३२ अंशांच्या खाली कुडकुडणं मंदावतं, मग थांबतं. काहींना अचानक उकडायला लागतं आणि ते कपडे काढतात. कातडीतल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या थकून सैलावतात आणि रक्त एकदम बाहेरच्या बाजूला धावतं, असं त्याचं कारण मानलं जातं. यातली घातक गोष्ट अशी की पहिला बळी जातो तो निर्णयबुद्धीचा. आपल्याला काय होतंय हे ज्याला होतंय त्याला कळत नाही. ते सोबत्यालाच ओळखावं लागतं, आणि सोबती त्या वेळी स्वतःही अर्धा गारठलेला आणि सकाळच्या भांडणाचा राग धरून बसलेला असू शकतो.

त्या ओसल्याच्या माणसानं जे केलं ते वैद्यकाच्या पुस्तकांशी मी नंतर ताडून पाहिलं. आडवं ठेवणं, हळुवार हाताळणं, ओलं काढून कोरडं घालणं, छाती-पोटाकडून ऊब देणं, शुद्धीवर असल्याशिवाय तोंडातून काही न देणं, हे सगळं बरोबर होतं. हातपाय चोळणं, उठवून चालायला लावणं, ब्रँडी पाजणं ही कथा-कादंबऱ्यांतली लाडकी औषधं. गारठलेलं हृदय धक्क्यानं बिथरतं, आणि हातापायांतलं थंड रक्त एकदम आत आलं तर गाभा आणखी थंड होतो. दारूनं कातडीकडे रक्त वाढतं, ऊब वाटते आणि उष्णता बाहेर जाते. त्याला हे कुणी शिकवलं, असं मी त्या रात्री विचारलं होतं. तो म्हणाला, मेंढ्यांचं असंच करतात.

मित्रानं मला बऱ्याच वर्षांनी, त्याच्या मुलीच्या लग्नाच्या गडबडीत, मध्येच विचारलं, "तू मला तिथे बस म्हणालास ना?" मी हो म्हणालो. त्याला त्या दगडावरचं एवढंच आठवतं, की छान ऊब वाटत होती आणि कुणीतरी बस म्हणाल्याचं बरं वाटलं होतं. त्यानंतर त्यानं केटररला फोन लावला.

तर फोन करणाऱ्यांना मी हल्ली उणे किती ते सांगतच नाही. त्यांना म्हणतो, घालणार ते सगळे कपडे घालून पाच मिनिटं शॉवरखाली उभे राहा, मग पंख्याखाली बसा, आणि मला फोन करा. निम्मे लोक पुन्हा फोन करत नाहीत. बाकीचे सुती बनियन घरी ठेवून जातात. सकाळी निघताना थोडी थंडी वाजेल एवढेच कपडे घालावेत, नाहीतर चढावर घामानं आतूनच भिजायला होतं, आणि घामाचं पाणी काही पावसाच्या पाण्याहून वेगळं वागत नाही. खिशात चिक्की, शेंगदाणे, गूळ ठेवावा आणि भूक लागायच्या आधी खावा. उपसागरात वादळ आहे का हे निघायच्या आदल्या रात्री पाहावं, ते किनारा कुठेही गाठणार असो. संकष्टीचा उपास त्या आठवड्यात सोडावा. शेवटची ही सूचना ऐकून एक बाई माझ्यावर रागावल्या होत्या.

आणि एक पूर्ण कोरडा जोड, मोज्यांसकट, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवावा. ती गाठ फक्त मुक्कामाच्या छपराखाली सोडायची. हे सगळे आनंदानं करतात. अवघड असतो तो दुसऱ्या दिवसाचा नियम: पुढे चालायचं असेल तर सकाळी तो कोरडा जोड उतरवून पुन्हा पिशवीत घालायचा आणि कालचेच ओले, गार, काही वेळा कडक झालेले कपडे अंगावर चढवायचे. दहा मिनिटांच्या चालण्यात ते अंगच्या उष्णतेनं कोमट होतात, आणि संध्याकाळसाठी कोरडं काहीतरी शिल्लक राहतं. ते कपडे चढवताना माणसाच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात, ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नसतात.